डोयात, डोक्यात आणि दुकानातला कूलर

पत्र आलं आहे नागपुरातल्या धंतोलीहून. थोडं आटोपतं करून देते.

"मी २४ वर्षांचा, कराडजवळच्या गावचा. डी.फार्म. करून गेल्या नोव्हेंबरात नागपुरात आलो आणि इथल्या एका औषधांच्या दुकानात लागलो. काउंटर आणि फोन दोन्ही माझ्याकडे. सुरुवातीचे महिने ठीक गेले. एप्रिलपासून मात्र ऐकण्यात चुका होतायत. मानेवाड्याचं पार्सल मानकापूरला पाठवलं, पोऱ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आला. पंधरा गोळ्या सांगितल्या तर पन्नास काढून ठेवल्या. एका जुन्या ग्राहकाने फोनवर ओल्मेसार्टन ४० सांगितलं, मी टेल्मिसार्टन ४० बांधलं. त्यांनी घरी पट्टी बघून परत पाठवली म्हणून निभावलं. त्यात एक आजी काउंटरवर आल्या. मला ऐकू आलं, 'डोक्यात टाकायचे थेंब द्या.' मी उवांचं औषध काढलं. त्यांना डोळ्यात टाकायचे थेंब हवे होते. अख्खं दुकान हसलं. शेठ म्हणाले, कान तपासून घे. तपासले, नॉर्मल निघाले. आता ते म्हणतात, कान ठीक आहेत म्हणजे डोकंच ठिकाणावर नाही. मी जीव ओतून ऐकतो तरी चुकतं, आणि चूक होताना मला जराही शंका येत नाही. मी मंद आहे का? नोकरी सोडू का?"

सही केली आहे : 'दोष कानाचा की डोक्याचा'.

नोकरी सोडू नका. निदान पाऊस पडेपर्यंत तरी नाही. असं का म्हणते ते पुढे येईल.

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : चूक होताना जराही शंका येत नाही. शेठजींना हे बेफिकिरीचं वाटेल. मला ते फार नेमकं वाटलं. मी पंचवीस वर्षं याच शहरात कान तपासायचं काम केलं. काचेच्या खिडकीच्या त्या बंद खोलीत माणसाला हेडफोन लावून बारीक मोठ्या शिट्ट्या ऐकवायच्या, त्याने बटण दाबलं की नोंद करायची. तिथे येणारे बहुतेक जण म्हणायचे, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." तुमची तक्रार उलटी आहे. तुम्हाला शब्द कळतो, अगदी स्वच्छ कळतो. फक्त तो समोरच्याने उच्चारलेला नसतो.

यात मंदपणाचा काही संबंध नाही. उलट हे चलाख डोक्याचं काम आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी गणेशपेठच्या एसटी स्थानकावर जाऊन बाकावर बसा. वर्धा, वरोरा आणि वरुड, तिन्हीकडचे प्रवासी तिथे भेटतील. भोंग्यातून 'वर' एवढं आलं की तिघांच्याही माना वर होतात, हात पिशवीच्या बंदांकडे जातात. पुढे 'रो' ऐकू आलं की वर्ध्याचा माणूस परत पेपरात डोकं घालतो, वरुडची बाई लेकराला मांडीवर घेते, आणि वरोऱ्याचे लोक 'रा' यायच्या आधीच फलाटाकडे निघालेले असतात. अख्खं नाव संपायची वाट कोणीच बघत नाही.

डोक्यातही असंच चालतं. विल्यम मार्सलेन-विल्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हीच कल्पना मांडली. शब्दाचा पहिला आवाज कानावर पडला की त्या आवाजाने सुरू होणारे ओळखीचे सगळे शब्द एकदम उभे राहतात, आणि पुढचा एकेक आवाज येईल तसे त्यातले बसत जातात. शेवटी एकच उभा उरतो, तो आपण 'ऐकतो'. बऱ्याचदा शब्द संपायच्या आधीच निकाल लागलेला असतो. १९९८ साली अमेरिकेत पॉल अ‍ॅलोपेना, जेम्स मॅग्नसन आणि मायकेल टॅनेनहाउस यांनी ही चढाओढ लोकांच्या डोळ्यांतून टिपली. पडद्यावर चार चित्रं ठेवायची : प्रयोगशाळेतला बीकर, बीटल म्हणजे भुंगा, स्पीकर, आणि काही संबंध नसलेली बाबागाडी. मग 'बीकर उचला' म्हणायचं आणि नजर कुठे जाते ते यंत्राने मोजायचं. 'बी' ऐकताच नजर बीकरकडे जायची तशी भुंग्याकडेही जायची. नंतर थोडीशी स्पीकरकडेही जायची, कारण त्याची शेपटी बीकरशी जुळते. म्हणजे सुरुवात जुळणारा शब्द जास्त त्रास देतो, शेवट जुळणारा कमी. पण देतो.

आता तुमचं मानेवाडा आणि मानकापूर घ्या. 'मान' इथपर्यंत दोघं हातात हात घालून येतात. पंधरा आणि पन्नास 'पन्' पर्यंत एक. तुमच्या चुका वेड्यावाकड्या नाहीत. तुम्ही पंधराच्या जागी सत्तावीस ऐकलं नाहीत, मानेवाड्याच्या जागी सक्करदरा ऐकलं नाहीत. प्रत्येक वेळी तुम्ही बरोबर शब्दाच्या अगदी शेजारच्या घरात शिरला आहात.

शेजार हा शब्द मी उगीच वापरत नाही. पॉल लूस आणि डेव्हिड पिसोनी यांनी १९९८ मध्ये हाच हिशोब मांडला : एखाद्या शब्दातला एक आवाज बदलला, काढला किंवा घातला की जे दुसरे शब्द तयार होतात ते त्याचे शेजारी. ज्या शब्दाला शेजारी कमी, तो लवकर आणि बिनचूक ओळखू येतो. ज्याचा वाडा भरलेला, आणि त्यातही रोज तोंडात असणारे शेजारी ज्याला जास्त, तो चुकायची शक्यता मोठी. 'सात' बघा. साठ, साथ, साद, साप, साल, हात, भात, रात, दात, लात, जात, वात... आमच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात नसतील एवढी बिऱ्हाडं. याउलट 'अठ्ठावीस' माळावर एकट्याने राहतो. म्हणून सात गोळ्यांची ऑर्डर अठ्ठावीस गोळ्यांपेक्षा जास्त धोक्याची.

मराठी आकड्यांची तर तऱ्हाच न्यारी. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट यांचा फरक सगळा डोक्याशी. फोन उचलताना पहिलं अक्षर गाळलं गेलं की खेळ खलास. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचा फरक सगळा शेपटीला. 'एकोणस' इथपर्यंत दोन्ही एकच, आणि निकाल त्यापुढच्या एका स्वरावर. आपल्या नागपुरात प्लॉट नंबरावर घरं शोधतात, त्यामुळे दुपारी दोन वाजता एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर नंबरचं दार वाजवणारे पोरं मी पाहिली आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी आकडे वाचायची पद्धत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. मीही तावातावाने विरोधात बोलले होते. घरात बोलायला अजूनही मला एकवीस, बावीसच हवेत. फोनवर मात्र मी ते बंद केलं आहे. तिथे 'पाच नऊ', 'सहा नऊ'.

आता औषधं. इथे तुमच्यावर खरोखर अन्याय झाला आहे, आणि तो कोणी मुद्दाम केलेला नाही. औषधांची शास्त्रीय नावं ठरवायचं काम जागतिक आरोग्य संघटना १९५०च्या दशकापासून करते. त्या नावांत ओळखीचे तुकडे ठेवायचे असा तिचा रिवाज, म्हणजे डॉक्टरला नाव बघताच औषधाचं कूळ कळावं. टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन, लोसार्टन. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. सेफिक्झिम, सेफुरॉक्झिम, सेफपोडॉक्झिम. डोळ्यांसाठी ही सोय उत्तम आहे. कानासाठी मात्र एका आळीत एकसारखी घरं बांधून सगळ्यांना एकच रंग दिल्यासारखं झालं. सार्टनवाल्यांचा शेवट एक, सेफवाल्यांची सुरुवात एक. त्यात हे शब्द मायबोलीचे नव्हेत. हात, भात आपण अंगाखांद्यावर खेळत शिकलो. ओल्मेसार्टन तुम्ही विशीत वाचून शिकलात.

टेल्मिसार्टन दिवसातून किती वेळा तुमच्या हातून जातं? मला वाटतं डझनभर तरी. वरचेवर भेटणाऱ्या शब्दाला या शर्यतीत थोडी आघाडी मिळते. दोन्ही रक्तदाबाची, दोन्हींत ४० मिलिग्रॅमची गोळी निघते, आणि 'ल्मि'-'ल्मे' पासून पुढे दोघं जवळजवळ सारखी. फरक पहिल्या आवाजात, आणि पहिला आवाज कशाखाली दबला गेला असेल ते आता सांगते.

तुम्ही लिहिलं आहे, एप्रिलपासून. नोव्हेंबर ते मार्च ठीक होतं. एप्रिलमध्ये तुमचे कान बदलले नाहीत, ग्राहक बदलले नाहीत. नागपुरात एप्रिलमध्ये काय बदलतं ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुकानात कूलर लागतो. मी पैजेवर सांगते, तुमचा फोन कूलरच्या झोतात आहे, कारण गल्लाही तिथेच असतो आणि शेठही तिथेच बसतात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी : आमचा कूलर म्हणजे वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या लावलेली, पाणी ओतायची, खोलीतल्या पाहुण्याला ओरडून बोलायला लावणारी पेटी. पारा ४५ला टेकला की तिच्याशिवाय जगणं नाही. तिचा सूं आवाज बारीक पट्टीपासून जाड पट्टीपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. आपल्या बोलण्यात स्वर जाड आणि दणकट, ते अशा आवाजातूनही वर येतात. स, श, फ, थ, ट, क हे व्यंजनांचे बारीक आवाज मात्र त्यात विरघळतात. आणि शब्दाशब्दांतला फरक सांगायचं काम बहुतेक हीच मंडळी करतात. त्यावर फोनची भर. जुन्या धाटणीच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जाते. 'स'चा जोर बहुतेक त्याच्याही वर असतो. आता मोबाइलवर कधीकधी यापेक्षा रुंद पट्टी मिळते, पण पलीकडचा फोन जुना असला किंवा सिग्नल अडखळला की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मग तुम्ही विचाराल, आवाज अर्धवट आला तर शब्दही अर्धवट ऐकू यायला हवा. शंका यायला हवी. ती का येत नाही?

याचं उत्तर १९७० सालचं आहे. रिचर्ड वॉरन या संशोधकाने एक इंग्रजी वाक्य रेकॉर्ड केलं, त्यातल्या एका शब्दातला 'स' कापून टाकला आणि त्या जागी खोकला चिकटवला. ऐकणाऱ्या २० जणांना विचारलं, काही गाळलं गेलंय का? १९ जण म्हणाले, नाही, पूर्ण वाक्य आहे, मागे कोणीतरी खोकलं. एकाला वाटलं काहीतरी गेलंय, पण त्याने जागा चुकीची सांगितली. मेंदू भोक पाडलेला शब्द आपल्यापुढे ठेवतच नाही. तो रफू करून, इस्त्री मारून देतो, आणि रफूचा टाका कुठे आहे ते सांगत नाही. म्हणून तुम्ही 'टेल्मिसार्टन' ऐकलंत ते खरोखर ऐकलंत. बरोबर ऐकलेला शब्द आणि चुकीचा ऐकलेला शब्द आतून तंतोतंत सारखे लागतात. तुमच्या शेठना हे पटवून द्या. 'लक्ष देऊन ऐक' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. शंका आली तर माणूस लक्ष देईल ना!

आणि मंदपणाबद्दल एक शेवटचं, मग तो विषय बंद. आपली मराठी त, थ, द, ध असे चार वेगळे मानते. १९६४ साली ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी ११ भाषांत एक मोजमाप केलं : तोंड उघडून अक्षर फुटणं आणि गळ्यातला आवाज सुरू होणं यांत किती अंतर असतं. त्या ११ भाषांत मराठीही होती. अंतरं निघाली सेकंदाच्या काही शतांशांची. ताट, थाट आणि धाट यांतला फरक तुम्ही तीन वर्षांचे असल्यापासून एवढ्याशा वेळात निवडताय. तेव्हा डोकं ठिकाणावर आहे.

आता करायचं काय.

पहिलं काम स्क्रू-ड्रायव्हरचं आहे. फोन कूलरपासून हलवा. शेठ म्हणतील तार पुरत नाही; मोबाइल असेल तर तेही कारण नाही. कॉल आला की कूलरचा पंखा मिनिटभर हळू करायचा, किंवा मागच्या खोलीत जाऊन बोलायचं. स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवायची सवय असेल तर आजपासून बंद.

दुसरं, 'काय?' विचारणं सोडा. 'काय?' म्हटलं की माणूस तोच शब्द त्याच चालीत, फक्त जोरात म्हणतो. जोरात म्हटल्याने स्वर फुगतात आणि व्यंजनं आहेत तिथेच राहतात. त्यापेक्षा पर्याय कमी करा. जॉर्ज मिलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं होतं की तोच शब्द, तेवढ्याच गोंगाटात, ऐकणाऱ्याला शक्यता मोजक्या आहेत हे माहीत असलं तर कितीतरी सहज ओळखू येतो. म्हणून विचारायचं ते असं : "एक पाच पंधरा, की पाच शून्य पन्नास?" "मानेवाडा, म्हणजे तुकडोजी पुतळ्याकडून पुढे, की मानकापूर, स्टेडियमकडचं?"

इथे एक खोच आहे, ती बहुतेक दुकानांत चुकते. ऑर्डर परत म्हणून दाखवायची पद्धत चांगली आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सारख्या वाटणाऱ्या औषधांच्या नावांबद्दल ज्या सूचना दिल्या त्यांत तीही आहे. पण तुम्ही म्हणालात, "मानकापूर ना?" आणि पलीकडचा म्हणाला "हो हो", तर त्याचा अर्थ काय? त्याच्या कानाला मानेवाड्याचीच अपेक्षा होती. त्याच्या घरीही कूलर आहे. त्यालाही 'मान' ऐकू आलं आणि बाकीचं त्याच्या मेंदूने रफू केलं. दोघांनी मिळून चूक पक्की केली, वर दोघांनाही खात्री. तेव्हा तोच शब्द परत म्हणण्यापेक्षा तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत म्हणा. आकडा सुटा करून. पत्ता खुणेने. गोळ्या पट्टीत मोजून : "पंधराची एक पट्टी." 'एक पट्टी' आणि पन्नास यांचा काही शेजार नाही.

औषधाच्या नावाला मात्र ही युक्ती अपुरी पडते, हेही सांगून ठेवते. "बीपीची ना?" विचारलंत तर टेल्मिसार्टनवालाही हो म्हणेल आणि ओल्मेसार्टनवालाही. "चाळीसची?" हो. "सकाळची?" बहुधा हो. सगळी उत्तरं बरोबर आणि गोळी चुकीची. तिथे कानाला कामावरून काढून डोळ्याला लावा. डॉक्टरच्या चिठ्ठीचा किंवा संपलेल्या पट्टीचा फोटो मागवा. चिठ्ठीवरची औषधं चिठ्ठी बघूनच द्यायची असतात हे तुम्ही डी.फार्म.ला शिकलात. जुना ग्राहक आहे, दर महिन्याला नेतो, म्हणून आपण ढिले पडतो. फोन फक्त माल आहे का बघून ठेवण्यापुरता. ग्राहक कुरकुरले तर कुरकुरू देत. ज्यांना फोटो जमत नाही अशा म्हाताऱ्यांचं मागचं बिल संगणकावर काढा आणि त्याच्याशी ताडून बघा. नाव फोनवर घ्यावंच लागलं तर अक्षरं सोडवून घ्या, पहिलं अक्षर तरी : ओठातला ओ की टरबुजातला ट? हसतील. हसू देत. विमानवाले १९५६पासून अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतात, त्यांना कोणी हसत नाही.

समोरच्या ग्राहकाचं ऐकताना त्याच्या तोंडाकडे बघा. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण काउंटरवरची माणसं बोलत असताना फार्मासिस्ट बहुतेक वेळा पाठ करून फळीवर हात घालत असतो. १९५४ मधल्या एका प्रयोगात विल्यम सम्बी आणि आयर्विन पोलॅक यांना आढळलं की गोंगाट जितका जास्त, तितका ओठ दिसण्याचा फायदा जास्त. कोविडात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा माझ्याकडे माणसांची रीघ लागली होती, 'अचानक कमी ऐकू यायला लागलं' म्हणून. कान होते तसेच होते. ओठ झाकले गेले होते.

तुमचा तपासणीचा कागद नॉर्मल आहे, आनंद आहे. पण ती शिट्ट्यांची तपासणी बंद खोलीतल्या शांततेतली असते. शांत खोलीत, समोरासमोर, ओळखीच्या माणसाचं बोलणंही हुकायला लागलं, किंवा एका कानाने फोन नीट कळतो आणि दुसऱ्याने नाही असं झालं, तर पुन्हा जा आणि शब्द ऐकवून करतात ती तपासणी, शक्यतो मागे गोंगाट लावून केलेली, मागा. मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घशाचा विभाग आहे. (नागपूरकर 'मेडिकल'ला जातो म्हणाला तर तो तुमच्या दुकानात येतोय की सरकारी रुग्णालयात, हे ओळखणंही तुम्हाला आता जमलं असेल. दोन्ही शब्द शंभर टक्के सारखे, निवाडा फक्त संदर्भाचा.) पत्रातल्या खुणांवरून मला याची गरज दिसत नाही.

राहिल्या आजी. त्यांची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण बाकीच्या चुकांत ती बसत नाही. आजी 'डोळ्यात' म्हणाल्याच नसणार. वऱ्हाडाकडच्या जुन्या माणसांच्या बोलीत ळ चा य होतो : डोया, काया, जवय. त्या म्हणाल्या असतील, "डोयात टाकाचे थेंब द्या बाप्पा." कराडच्या कानात 'डोयात' नावाचा शब्दच राहत नाही. मग मेंदूने काय केलं? 'डोयात'च्या सगळ्यात जवळ राहणारा, नाव-गाव असलेला शब्द शोधला. तो निघाला 'डोक्यात'. विल्यम गॅनाँग यांनी १९८० मध्ये अशाच ओढीबद्दल लिहिलं होतं : आवाज धूसर असला की कान तो खऱ्या शब्दाच्या बाजूला ओढून घेतो. अर्थशून्य आवाज ऐकणं माणसाला रुचत नाही. त्यात 'टाकाचे थेंब' दोन्हीला चालतात. हसणाऱ्यांपैकी कोणाला कराडकडच्या आजीपुढे उभं करून बघायला हवं.

ही चूक सगळ्यात लवकर जाईल. बोलीचा कान फार पटकन तयार होतो. डेनिस नॉरिस, जेम्स मक्वीन आणि अ‍ॅन कटलर यांनी २००३ मध्ये दाखवलं की बोलणारा एखादा आवाज वेगळा काढत असेल, तर मोजक्या ओळखीच्या शब्दांत तो ऐकल्यावरच ऐकणारा आपली मोजपट्टी सरकवून घेतो. पण त्यासाठी शब्द ओळखीचे असावे लागतात आणि ऐकायला मिळावे लागतात. तुमच्या दुकानात काम करणाऱ्या मावशी असतील, पार्सल नेणारा पोऱ्या असेल, त्यांच्याशी चहाच्या वेळी बोलत बसा. 'करून राहिलो', 'काहून', 'मले-तुले' हे तुम्ही आठ महिन्यांत उचललं असेलच. आता ळ कडे कान ठेवा. केळं, फळं, नळ, सकाळ. दहा-वीस शब्दांत तुमचं तुम्हालाच कळेल की तो य कुठून येतो.

आजींचे थेंब महिन्याभरात संपतील आणि त्या पुन्हा येतील. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या असतील तर त्याआधीच. त्या आल्या की पाठ न करता, त्यांच्या तोंडाकडे बघून विचारा, "डोयात टाकाचे ना, आजी?" आणि मग मागची बाटली दाखवायला सांगून, तिच्यावरचं नाव वाचूनच द्या.